सालीवरून आंबा कळतो?

अक्षय्य तृतीयेला पाहुण्यांसमोर हापूसची पेटी फोडली. पेंढ्यातून पहिला आंबा निघाला तो केशरी, तुकतुकीत. वासानं घर भरलं. सुरी बाठ्यापर्यंत गेली आणि आत पांढुरका, भुसभुशीत, आंबूस गर. साका! पेटी देणाऱ्याला तिथल्या तिथे फोन लावून झापलं, "बघून द्यायला काय झालं होतं?" आज त्या फोनची लाज वाटते. त्यानं बघायचं तरी काय होतं?

जाणत्याला साका बाहेरून कळतो, हा आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज. साका कीड नव्हे, बुरशीही नव्हे. बाठ्याभोवतीचा गर पिकायचाच राहून जातो, त्यातल्या पिष्टाची साखर होत नाही. सालीवर खूण नाही, दाबून समजत नाही आणि वास तर उत्तमच येतो. न कापता बघायचं तर क्ष-किरणांसारखं काही हवं; ते बाजारात कुठून आणणार? पूर्वी याचं खापर तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेवर फोडत. पुढच्या संशोधनानं बोट दाखवलं ते बाठ्यातल्या बीकडे: फळ झाडावर असतानाच ती रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतीचा गर बिघडतो.

म्हणजे 'झाडावर पिकलेला तोच खरा आंबा' हेही हापूसपुरतं गडबडीचं. झाडावर जास्त तयार झालेल्या फळांत साका अधिक सापडतो. कोकणात आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात आणि आढीत पिकवतात, ते काही नुसत्या घाईपोटी नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 साली 'रत्ना' आणला. त्यात साका नसतो. तरी गिऱ्हाईक हापूसच मागतं, मीही त्यातलाच.

दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरणारा सल्ला: बादलीत आंबा तरंगला तर तो कार्बाइडचा. पाण्याला कार्बाइड कळत नाही, कळते ती फळाची घनता. कोवळा आंबा तरंगतो, भरलेला बुडतो. कोवळी फळं कार्बाइडनं रंगवून विकणारे असतात, त्यामुळे कधीकधी अंदाज बरोबर येतो, एवढंच. कार्बाइडवर बंदी आहेच; इथिलीन वायूनं पिकवायला मात्र दहा लाखांत शंभर भागांपर्यंत परवानगी आहे. तेव्हा 'पिकवलेला' म्हटलं की दचकायचं कारण नाही.

डागांचं पाप मात्र आपण उगाच बागायतदाराच्या माथी मारतो. देठ तुटला की चीक ओघळतो आणि साल भाजल्यासारखी होते. म्हणून झेल्यानं देठासकट आंबा काढतात. असा कोरडा, तपकिरी ओघळ गरापर्यंत पोचत नाही. निर्यातीच्या प्रतवारीतही खालच्या वर्गाला सालीवरचे असे डाग मर्यादेत माफ असतात, गर शाबूत हवा. घाबरायचं ते पिकताना पसरणाऱ्या, किंचित खोलगट काळ्या ठिपक्यांना, तो करपा. देठाभोवती ओलसर तपकिरी कडं दिसलं तर देठकूज, तो आंबा आजच खा किंवा टाका.

भोक दिसलं म्हणजे कीड आत, हेही तसंच. आंब्याच्या बाठ्यातला भुंगा घ्या. मादी कोवळ्या फळावर अंडी घालते, जखम भरून येते आणि आंबा बाहेरून निर्मळ दिसतो. डोळ्यांवर भरवसा नाही म्हणूनच 2007 पासून अमेरिकेला जाणारा आपला आंबा निदान 400 ग्रे मात्रेचं विकिरण करून पाठवतात.

वांग्यात तर गंमतच. अळी लहान असताना देठाच्या टोपीजवळून आत शिरते आणि तिची वाट विष्ठेनं बुजते. आपल्याला दिसणारं मोठं भोक बहुतेकदा ती बाहेर पडल्याचं असतं. भोकाचं वांगं आपण टोपलीत परत टाकतो खरं, पण त्यातली अळी गेलेली असू शकते आणि आपण निवडलेल्या गुळगुळीत वांग्यात ती अजून जेवत असू शकते. भरल्या वांग्यांना देठ ठेवून चार चिरा देतो ना, तेव्हा एकेक पाकळी उजेडाकडे धरून बघावी, मगच मसाला भरावा.