बालकांतील हृद्‌रोग व फुप्फुसरोग : निदानपद्धतींचा तौलनिक विचार

परभणी जिल्ह्यातील जिंतूर किंवा पालम तालुक्यातील खेड्यात तान्हे मूल धापा टाकू लागले, म्हणजे प्रथम हाताशी असते ते क्ष-किरणयंत्र नव्हे, तर आशा कार्यकर्तीचे श्वास मोजणे. ही पद्धत गौण मानण्याचे कारण नाही. याच राज्यातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवरील कार्यकर्त्यांकरवी न्यूमोनियाचे निदान व उपचार करविले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार शांत मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावयाचे असतात. दर मिनिटास दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे शीघ्र श्वसन होय.

परंतु शीघ्र श्वसन हे लक्षण आहे, कारण नव्हे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास मोठे छिद्र असल्यास फुप्फुसांकडे अधिक रक्त जाऊन श्वास वाढतो. अशा बालकास न्यूमोनियाही वारंवार होतो. प्रत्येक वेळी केवळ प्रतिजैविक देऊन मूळ दोष दृष्टीआड राहिला, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या बिघडून शस्त्रक्रियेची वेळ निघून जाऊ शकते.

दूध पिताना घाम येणे, वजन न वाढणे व यकृत वाढणे ही चिन्हे हृद्‌दोषाकडे बोट दाखवितात. स्टेथॉस्कोपने मर्मरध्वनी ऐकू येतो. मात्र तो निरोगी मुलांतही आढळतो, आणि मोठे छिद्र असूनही जन्मानंतर पहिले काही दिवस तो नसू शकतो. पल्स ऑक्सिमीटरने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण कळते. प्राणवायू दिल्यावर ते न्यूमोनियात सहसा वाढते, नीलरोगात फारसे वाढत नाही. उपर्युक्त छिद्रात मात्र ते प्रारंभी प्राकृत असू शकते. क्ष-किरणचित्रात फुप्फुसाचा दाह व हृदयाचा आकार दिसतो, अंतर्रचना दिसत नाही. ती इकोकार्डिओग्राफीने दिसते. पण तीस तज्ज्ञ लागतो.

यास्तव कोणती पद्धत श्रेष्ठ, यापेक्षा कोणती केव्हा योजावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात हृद्‌रोगाचाही अंतर्भाव आहे. श्वासगणनेने तातडीचा उपचार ठरावा. आणि न्यूमोनिया पुनःपुन्हा होणारे, वजन न वाढणारे मूल इकोकार्डिओग्राफीपर्यंत पोहोचावे, हाच या तुलनेचा व्यावहारिक निष्कर्ष होय.