खहराला शून्याने गुणले तर?

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची १२०७ मधील हकिकत त्यावर कोरलेली आहे. या ग्रंथांपैकी ‘लीलावती’ (११५०) मध्ये शून्यावरचे एक उदाहरण येते, आणि आजचा गणिताचा शिक्षक ते पाहून दचकेल. एका संख्येला शून्याने गुणले, गुणाकारात त्याचाच निम्मा भाग मिळवला, बेरजेला ३ ने गुणून शून्याने भागले, तेव्हा ६३ आले. तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांचे उत्तर १४.

शून्याने गुणल्यावर संख्या नाहीशी होते, मग १४ परत आले कुठून? त्यांचा नियम असा, की पुढे क्रिया उरली असेल तर गुणाकार लगेच शून्य समजू नये, ‘शून्यगुण’ म्हणून तसाच धरून ठेवावा. पुढे शून्याने भाग आला की मूळ संख्या जशीच्या तशी परत मिळते.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे सांगून टाकले होते. भास्कराचार्य त्यापुढे गेले. ज्याच्या छेदात शून्य आहे त्या राशीला ते ‘खहर’ म्हणतात आणि ती अनंत मानतात. पण ५ भागिले शून्य आणि ७ भागिले शून्य हे दोन्ही एकच अनंत मानले, तर त्याला शून्याने गुणून एकदा ५ आणि एकदा ७ येतील. म्हणजे ५ बरोबर ७! शून्य गुणिले अनंत याला एक ठरलेले उत्तर देता येत नाही, ते यामुळेच. गणितात अशा रूपाला अनिर्धार्य रूप म्हणतात.

आमच्या मिरजगावकडच्या शेतीच्या हिशेबात हे लवकर उमगते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. रुंदी १ फूट केली तर लांबी १०८९ फूट हवी. रुंदी निम्मी केली की लांबी दुप्पट. रुंदी शून्याकडे आणि लांबी अनंताकडे गेली तरी क्षेत्र गुंठाभरच. मात्र रुंदी दर वेळी निम्मी आणि लांबी तिप्पट केली, तर क्षेत्र वाढतच जाईल. रुंदी चौथाईवर आणून लांबी दुप्पटच केली, तर ते शून्याकडे घसरेल. तिन्ही वेळा टोकाला चिन्हे तीच, शून्य आणि अनंत. उत्तर ठरते ते तिथवर कोण किती वेगाने पोहोचले यावरून, आणि ती माहिती चिन्हांत शिल्लक राहत नाही.

भास्कराचार्यांचा ‘शून्यगुण’ हीच माहिती जपतो. शून्याच्या जागी कितीही लहान राशी घेतली तरी ती वर आणि खाली कटते. उरते संख्येची साडेचार पट, म्हणून १४. ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग आहे, असेही ते नोंदवतात. यावरून त्यांना कलनशास्त्राचे जनक ठरवण्याची घाई दरवर्षी कुठे ना कुठे होते. ती मला पटत नाही. लहान राशीची सीमा म्हणजे काय, याची व्याख्या युरोपातही एकोणिसाव्या शतकातच पक्की झाली.

त्यांच्याच उदाहरणात निम्म्या भागाऐवजी साधा १ मिळवून पाहा. शून्याच्या जागी लहान राशी घेतली, तर शोधायची संख्या २१ उणे त्या राशीचा व्यस्त एवढी निघते. राशी शून्यापेक्षा मोठी राहून लहान होत गेली, की ती ऋण अनंताकडे धावत सुटते. मग उत्तरच नाही.