क्रीडोद्यानातील रांग : क्रम, क्रमभंग आणि क्रमविक्रय

रांगेत उभे राहणे ही नागर जीवनातील इतकी परिचित क्रिया आहे की, तिचा स्वतंत्र अभ्यास करावा असे सहसा कोणास वाटत नाही. शिधावाटपाचे दुकान, आगगाडीच्या तिकिटाची खिडकी, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग या ठिकाणच्या रांगा निकडीपोटी लागतात. तेथे थांबणाऱ्यास दुसरा मार्गच नसतो. परंतु जेथे मनुष्य केवळ मौजेखातर, स्वखुशीने आणि पदरचे पैसे मोजून तासन् तास तिष्ठत राहतो, तेथे क्रमाविषयीच्या त्याच्या कल्पना निकडीच्या मिश्रणावाचून पाहावयास सापडतात. अमेरिकेतील मोठी क्रीडोद्याने ही अशी स्थळे होत. रोलर कोस्टरच्या दोन-तीन मिनिटांच्या एका फेरीसाठी गर्दीच्या दिवशी तास-दीड तास थांबणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे. या रांगेत कोणी मध्येच घुसला तर लोक संतापतात. मात्र तीच पुढची जागा उद्यानाच्या चालकाने मूल्य घेऊन विकली तर कुरकुरीपलीकडे सहसा काही घडत नाही. या दोन प्रतिक्रियांत एवढे अंतर का पडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ज्या वस्तूसाठी ही रांग लागते तिच्याविषयी थोडेसे. रशियात हिवाळ्यात लाकडी मांडणीवर बर्फ गोठवून तयार केलेल्या घसरगुंड्या हे या खेळाचे मूळ मानतात, इ. स. १८१७ मध्ये पॅरिस येथे चाके लावलेल्या गाड्यांनी त्याचे अनुकरण झाले. अमेरिकेत लामार्कस थॉम्पसन याने १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर उभारलेल्या मार्गावर गाडी ताशी सुमारे सहा मैल वेगाने जाई व फेरीस पाच सेंट पडत. पुढे जॉन मिलर याने रुळाच्या खालच्या अंगाने धरून ठेवणाऱ्या चाकाचे पेटंट १९१९ साली घेतले. गाडी रुळावरून उचलली जाण्याचे भय त्यामुळे उरले नाही आणि तीव्र उतार बांधणे शक्य झाले. १९२७ सालचा कोनी आयलंडचा ‘सायक्लोन’ हा त्या काळाचा प्रातिनिधिक नमुना होय. नंतरच्या मंदीत आणि महायुद्धाच्या काळात यांपैकी बहुसंख्य मार्ग मोडीत निघाले. १९५९ साली डिस्नेलँडमध्ये ‘मॅटरहॉर्न’ हा पोलादी नळ्यांच्या रुळांचा मार्ग सुरू झाला, १९७२ साली ओहायोमधील किंग्ज आयलंड उद्यानात ‘रेसर’ हा लाकडी मार्ग उभा राहिला, आणि या खेळास पुन्हा बरे दिवस आले.

या पुनरुज्जीवनाबरोबरच एक नवा समाजघटक निर्माण झाला. १९७८ साली ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स’ या नावाची हौशी मंडळींची संस्था स्थापन झाली. आपण आजवर किती निरनिराळ्या मार्गांवर बसलो याची मोजदाद हे लोक ठेवतात. मार्ग लाकडी की पोलादी, कोणत्या अभियंत्याने आखलेला, कोणत्या टेकाडावर शरीर आसनापासून किती क्षण अधांतरी राहते, याची चर्चा आपल्याकडील रसिक एखाद्या गवयाच्या तानांची करतात तितक्याच गांभीर्याने करतात. जुने मार्ग टिकावेत म्हणून त्यांची धडपड असते. ‘सायक्लोन’ला १९८८ साली न्यूयॉर्क शहराने संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, हे अशा आस्थेला लाभलेल्या प्रतिष्ठेचेच गमक म्हणता येईल. या मंडळींची दुसरी एक सवय आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ते रांगेत उभे असता हातातील घड्याळाकडे पाहून दोन गाड्यांच्या सुटण्यामधील अंतर मोजीत असतात, आणि ते वाढले की अस्वस्थ होतात. रांगेचे सारे गणित त्या अंतरात सामावलेले आहे, हे ते अनुभवाने जाणतात.

ते गणित असे. रोलर कोस्टरचा मार्ग रेल्वेप्रमाणेच खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा खंड मोकळा झाल्यावाचून मागची गाडी सोडावयाची नाही, हा सुरक्षिततेचा नियम अनुल्लंघनीय आहे. म्हणून फलाटावरील गाडीत माणसे बसविण्यास उशीर झाला तर मागून आलेली गाडी फलाटाबाहेर रोधकांवर अडकून पडते. तिसरी गाडी असल्यास ती चढणीवर थांबते. चोवीस आसनांची गाडी दर मिनिटास सुटत असेल तर तासाला १,४४० माणसे जातील. तेच अंतर दीड मिनिटाचे झाले तर ९६०. कोणी पिशवी ठेवण्यास घुटमळतो, कोणाच्या कमरेवरील दांडा नीट बसत नाही. अशा तीस सेकंदांच्या खोळंब्याने सर्व रांगेचा काळ दीडपट होतो. अधिक गाड्या सोडून ही मर्यादा ओलांडता येत नाही. सारांश, तासाला उपलब्ध होणारी आसने ही ठराविक राशी आहे, आणि एकाला अगोदर मिळालेले आसन दुसऱ्याला उशिरा मिळणारच.

रांगांचे गणिती विवेचन कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील एर्लांग याने १९०९ साली आरंभिले. जॉन लिटल याने १९६१ साली सिद्ध केलेला नियम मात्र इतका सोपा आहे की तो गणिताचा गंध नसलेल्यासही कळावा : रांगेतील माणसांची सरासरी संख्या ही येण्याचा सरासरी वेग आणि थांबण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराएवढी असते. यावरून एक कल्पित उदाहरण करून पाहू. तासाला १,४४० आसने असलेल्या मार्गापुढे ७२० माणसे उभी आहेत. सर्व आसने त्याच रांगेला मिळाली तर शेवटचा मनुष्य अर्ध्या तासात फलाटावर पोचेल. आता प्रत्येक तीन आसनांपैकी दोन अग्रहक्काच्या निराळ्या रांगेसाठी राखून ठेवली असे समजू. साध्या रांगेला तासाला ४८० आसने उरतात. रांगेची लांबी तीच, पण थांबणे दीड तासाचे झाले. अग्रहक्काच्या रांगेने एकही आसन निर्माण केलेले नाही. सर्वांची मिळून थांबण्याची बेरीज तिने कमी केलेली नाही. ती बेरीज कोणाच्या वाट्यास किती यावी एवढेच बदलले आहे.

आता क्रमभंगाकडे वळू. स्टॅन्ले मिल्ग्रॅम व त्यांचे सहकारी यांचे याविषयीचे प्रयोग मिल्ग्रॅम यांच्या निधनानंतर १९८६ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमधील तिकीट-खिडक्या, शर्यतींच्या पैजांची कार्यालये अशा ठिकाणच्या १२९ रांगांत त्यांनी हेतुपुरस्सर घुसखोर पाठविले. घुसखोर एकटा असता सुमारे शेकडा ५४ रांगांत कोणी ना कोणी आक्षेप घेतला; दोघे मिळून घुसले तेव्हा हे प्रमाण शेकडा ९१ च्या घरात गेले. परंतु याहून उद्बोधक निष्कर्ष निराळाच आहे. घुसखोराच्या लगेच मागे प्रयोगकर्त्यांचाच एखादा साथीदार मुकाट्याने उभा असला की आक्षेपांचे प्रमाण एकदम घटे. नुकसान तर त्यामागील सर्वांचेच सारखे झालेले असते. तरीही ज्याच्या पुढ्यात घुसखोरी झाली त्यानेच हरकत घ्यावी असे बाकीचे धरून चालतात. रांगेचे रक्षण हे सर्वांचे काम नसून ते त्या एका स्थानाशी जडलेले कर्तव्य आहे, असा याचा अर्थ होतो.

तथापि क्रमभंग कशास म्हणावे याविषयी सर्वत्र एकमत नाही. लिऑन मान यांनी १९६९ साली मेलबर्न येथील फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांसाठी रात्रभर लागणाऱ्या रांगांचे वर्णन केले आहे. तेथे लोक पाळीपाळीने उभे राहत, आणि खोकी, घडीच्या खुर्च्या यांसारख्या वस्तू मागे ठेवून काही काळ निघून जात. वस्तूने राखलेली जागा इतर लोक बहुधा मान्य करीत. आपल्याकडील चाळीच्या नळावर कळशी ठेवून ‘नंबर लावणाऱ्या’ गृहिणीस हे शास्त्र निराळे शिकवावे लागणार नाही. याच्या उलट अमेरिकेतील पुष्कळ उद्यानांचे नियम मित्रासाठी जागा धरून ठेवणे, किंवा रांग सोडून परत आपल्या जागी येणे, यासही रांग मोडणेच समजतात व तसे करणाऱ्यास पैसे परत न देता बाहेर काढण्याचा अधिकार राखून ठेवतात. तेथे देह हाच कळशी असला पाहिजे!

याच उद्यानांनी पुढे कळशीची प्रथा स्वतःच सुरू केली. त्यामागील कारण समजण्यासाठी तिकिटांचा इतिहास पाहणे अवश्य आहे. डिस्नेलँड १९५५ साली उघडले त्याच वर्षी तेथे वर्गवारीच्या तिकिटांची पुस्तिका आली. १९५९ साली तीत सर्वांत मोठ्या आकर्षणांसाठीचा ‘ई’ वर्ग समाविष्ट झाला. ‘ई’ तिकिटे मोजकीच असल्याने ती कोठे खर्चावी याचा विचार प्रत्येकास करावा लागे. वॉल्टर ओई यांनी १९७१ साली दुहेरी दराच्या मूल्यनीतीवर लिहिलेला सुप्रसिद्ध निबंध याच पद्धतीचे उदाहरण घेऊन उभा आहे. १९८२ साली पुस्तिका बंद झाल्या आणि प्रवेशद्वाराशी एकदाच पैसे दिले की आत सर्व फेऱ्या खुल्या झाल्या. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर फेरीचे सीमान्त मूल्य शून्यावर आले, आणि मागणीला आवर घालण्याचे काम पैशाऐवजी वेळेने पत्करले. वेळ हे चलन असे आहे की ते देणाऱ्याच्या हातून जाते, पण घेणाऱ्याच्या पेटीत पडत नाही. उद्यानाच्या चालकास हे कायमचे मानवेल हे संभवनीय नव्हते.

१९९९ साली डिस्नेने ‘फास्टपास’ ही व्यवस्था आणली. यंत्रातून परतण्याची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यावयाची, आणि त्या वेळी येऊन आखूड रांगेने आत जावयाचे. ही व्यवस्था विनामूल्य व सर्वांस खुली होती. चिठ्ठी म्हणजे कळशीच. तिच्यात एक दोष होता : एकच मनुष्य चिठ्ठीच्या रूपाने एका रांगेत आणि देहाने दुसऱ्या रांगेत उभा राहू लागला, त्यामुळे इतर रांगा फुगणे क्रमप्राप्तच होते. पण क्रमाचे तत्त्व अबाधित होते. २०२१ साली तिची जागा ‘लाइटनिंग लेन’ने घेतली, आणि ती सशुल्क आहे. युनिव्हर्सल व सिक्स फ्लॅग्ज यांच्या उद्यानांत असा हक्क पूर्वीपासूनच विकला जात असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नेने याहून महाग असा एक पास काढला. त्यात परतण्याची वेळही पाळावी लागत नाही. वरवर पाहता पैसा पुन्हा आपल्या स्थानी आला असे वाटेल. परंतु दोन्ही काळांतील विक्रेय वस्तू भिन्न आहे. ‘ई’ तिकीट घेणारा फेरी विकत घेत होता. आजचा ग्राहक फेरी प्रवेशमूल्यातच घेऊन बसलेला असतो. तो विकत घेतो तो केवळ क्रम, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी थांबणे. आणि ज्याचे थांबणे विकले जाते त्याला त्यातील छदामही मिळत नाही.

असे असता तो दुसरा का संतापत नाही? मिल्ग्रॅम यांच्या निष्कर्षात याचे उत्तर सापडते असे मला वाटते. सशुल्क रांग साध्या रांगेस मिळते ती अगदी फलाटानजीक. तेथे कोणा एकाच्या पुढ्यात कोणी घुसत नाही. नुकसान मागील शेकडो माणसांत वाटले जाते आणि हरकत घेण्याचे कर्तव्य कोणाच्याच वाट्यास येत नाही. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली दाखवून दिले की अन्यायाचे थांबणे न्यायाच्या थांबण्याहून दीर्घ भासते; रिचर्ड लार्सन यांनीही १९८७ साली, आधी आलेल्यास आधी हा नियम मोडला गेल्याची चीड थांबण्याच्या लांबीहून तीव्र असू शकते असे प्रतिपादिले. पण त्यासाठी तो भंग दिसावा लागतो. काही उद्याने पैसेवाल्या पाहुण्यांस मागील दारांनी वा निराळ्या फाटकांतून नेतात, याकडे मायकेल सँडेल यांनी २०१२ सालच्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले आहे. आपल्या देवस्थानांत विशेष दर्शनाची वाट सामान्य दर्शनबारीच्या दृष्टीआड का ठेवतात, याचे कारणही बहुधा हेच असावे.

अग्रहक्क मुळातच अन्याय्य असतो असा मात्र याचा अर्थ नव्हे. उभे राहणे ज्यांस शक्य नाही अशा अपंगांना डिस्नेच्या उद्यानांत पूर्वी बहुधा लगेच प्रवेश मिळे. काही धनिक कुटुंबे केवळ या सवलतीसाठी अपंग व्यक्तींना मार्गदर्शक म्हणून भाड्याने घेतात अशा बातम्या २०१३ साली प्रसिद्ध झाल्या, व त्याच वर्षी नियम बदलण्यात आला : चालू रांगेच्या काळाइतक्या अवधीनंतरची वेळ त्यांना नेमून देण्यात येऊ लागली. येथे थांबणे माफ झाले नाही, फक्त उभे राहणे माफ झाले. २०२४ साली पात्रतेचे निकष अधिक कडक करण्यात आले व त्यावरून बरीच नाराजी उसळली. पण २०१३ च्या बदलामागील तत्त्व निर्दोष होते असे मला वाटते. हौशी मंडळींच्या मेळाव्यांसाठी उद्याने सकाळी सर्वांच्या अगोदर किंवा रात्री सर्वांच्या नंतर एखादा मार्ग खास चालवितात, त्यावरही पक्षपाताचा आरोप टिकत नाही. तो वेळ रांगेतील कोणाच्या वाट्यातून कापलेला नसतो. ती जादा आसने असतात.

महाराष्ट्रात या प्रकारचे उद्यान रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झाले. ‘इमॅजिका’ असे त्याचे नाव. तेथील ‘नायट्रो’ हा मार्ग बोलिगर व माबियार या स्विस कंपनीचा आहे, आणि जलद प्रवेशाची अधिक मूल्याची तिकिटे तेथेही विकली गेली आहेत. ज्या ठिकाणी दोन रांगा एकत्र येतात तेथे उभा असलेला सेवक कोणत्या रांगेतील किती माणसे सोडतो, हे प्रमाणच या सर्व विषयाचे मर्म आहे. उद्यानांच्या फलकांवर थांबण्याचा अपेक्षित काळ लिहिलेला असतो. हे प्रमाण सहसा लिहिलेले नसते. ते तासातासाने कसे बदलते, आणि साध्या रांगेतील लोकांस ते जेथून दिसते व जेथून दिसत नाही अशा दोन जागी त्यांचे वर्तन कसे भिन्न होते, हे पाहण्यास दोन निरीक्षक, घड्याळ आणि वही एवढे साहित्य पुरे आहे.