उत्सवाची तारीख कुणाच्या सोयीची?

एखाद्या कार्यक्रमाची तारीख ठरवणे म्हणजे पंचांग उघडून बोट ठेवणे, असा आमचाही समज होता. मे महिन्याच्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात वाशिंदला पाहुण्यांकडे गेलो तेव्हा तो उतरला. हंगाम संपलेला, ऊसबिलाचा हिशेब झालेला, म्हणून दोन दिवस सवड काढली होती. कसारा लोकलमधून उतरलो तर पाहुणे म्हणाले, "बरे आलात. संध्याकाळी शाळेत बैठक आहे, चला."

बैठक होती गावाचा वारसा आणि गावाची झाडे यांचा एक दिवसाचा सोहळा भरवण्याची. शाळेची खोली, वर पंखा, खाली सतरंजी, चहा. मंडळी पंधरावीस. कार्यक्रम काय करायचा यावर फारसा वाद झाला नाही. नदीकाठच्या आणि रस्त्याकडेच्या जुन्या झाडांना नावांच्या पाट्या लावायच्या, पोरांना त्यांची ओळख करून द्यायची, म्हाताऱ्यांनी आठवणी सांगायच्या, दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचे. अडले ते तारखेवर.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक बाबा पहिल्यांदा उठले. त्यांचे म्हणणे, तारीख १ ऑक्टोबरच. कारण कल्याणहून वाशिंदपर्यंतची गाडी १८५५ साली १ ऑक्टोबरला सुरू झाली. मुंबई-ठाणे पहिली गाडी १८५३ ची, म्हणजे अवघ्या अडीच वर्षांत रूळ इथवर आले. पुढे आसनगावला रूळ पोचायला १८६० उजाडले. एवढी वर्षे नाशिककडच्या बाजूला वाशिंद हेच शेवटचे स्टेशन होते. बाबा हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज असा चढला की जणू परवाच ते स्वतः झेंडी दाखवून आले. पण १ ऑक्टोबर म्हटले की एखाद्या वर्षी पितृपक्ष येतो, एखाद्या वर्षी नवरात्र. पितृपक्षात पंगत कशी बसवायची, यावर घरातल्या बायकांनी एका वाक्यात निकाल दिला.

मग गुरुजींनी २ जानेवारी सुचवली. शेजारच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर १९४३ साली त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. बेचाळीसच्या चळवळीत विजेचे मनोरे पाडून इंग्रजांची झोप उडवणारा हा आझाद दस्ता. गुरुजी म्हणाले, थंडी असते, रान कोरडे असते, मुलांना माहुलीच्या पायथ्याशी नेता येईल. माहुली म्हणजे तोच किल्ला, जिथे १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी शेवटची झुंज दिली. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, तो मोगलांकडे गेला आणि १६७० साली स्वराज्यात परत आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. लिहिणारे पोरगे वहीत तारीख टिपणार इतक्यात दाराशी बसलेली एक कातकरी आजी बोलली.

"तवा आमी कुठं आसतो गावात? आमी भट्टीवर."

खोली गप्प झाली. आजी भांडली नाही, रडली नाही, एवढेच म्हणाली. पण गोष्ट खरी होती. भातकापणी आणि दिवाळी उरकली की तिच्या वाडीतली घरे कुलपात जातात. माणसे पोराबाळांसह कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. आगाऊ घेतलेला पैसा, तिकडे त्याला बयाणा म्हणतात, तो फिटेपर्यंत माती तुडवायची आणि विटा पाडायच्या. पावसाच्या तोंडावर माघारी. ती स्वतः आठच दिवसांपूर्वी आली होती. आणि झाडांची नावे सांगायला वाशिंदकरांना हवी होती तीच माणसे. आमच्या शेजारी बसलेल्या तरुण शिक्षकाने यादी काढली होती, तिच्यात साग, वड, आंबा, चिंच यांपुढे फारसे काही नव्हते. आजीने बसल्या जागी खैर, काकड, ऐन, धावडा, कुडा अशी नावे घेतली आणि कशाचा काय उपयोग तेही सांगितले. खैराचा कात काढणे हा एकेकाळी त्यांचा धंदा. जमातीचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात.

मग कुणीतरी वाघबारस सुचवली. दिवाळीच्या तोंडावर आदिवासी वाड्यांवर वाघोबाला पुजतात, तेव्हा माणसे अजून गावात असतात. यावर कुणबी शेतकरी हसले. त्या दिवसांत भात कापणीला आलेले, खळे सारवायचे, सोहळ्याला कोण येणार? आमच्यासारख्या ऊसवाल्याला हे चटकन पटले. तोडीची पाळी आली की आपण तरी सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला वेळेवर जातो का?

शेवटी ९ ऑगस्ट पुढे आली. लावणी आटोपलेली, भट्ट्या बंद, प्रत्येक घर उघडे. गुरुजींची अडचण अशी सुटली की ९ ऑगस्ट हा १९४२ चा क्रांतिदिन. सिद्धगडची गोष्ट तिथूनच सुरू होते. शिवाय संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठरवल्यापासून तो आदिवासी दिनही आहे आणि आपल्या कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव अलीकडे याच सुमारास भरतात. रेल्वेच्या बाबांना १ ऑक्टोबरला स्टेशनची गोष्ट शाळेत सांगायला वेगळे बोलावायचे ठरले. ते थोडे नाराज दिसले, पण चहा प्याले.

ऑगस्ट म्हटल्यावर निम्मा कार्यक्रम पालटला. भातसा नदी तेव्हा भरून वाहते, म्हणून पोरांना काठावर न्यायचे नाही. माहुलीही रद्द, पावसात तिथले दगड निसरडे. जेवणात मात्र भर पडली. कुर्डू, भारंगी, कंटोळी (आपल्याकडचे करटुले) ही भाजी वाडीतल्या बायका आणतील, आणि ती विकत घेतली जाईल, फुकट मागायची नाही, हे ठरावात लिहून घेतले. कुणीतरी शेवळाची भाजी मागितली. आजी हसून म्हणाली, "शेवळं ज्येष्ठातली, दादा. तवर थांबतात व्हय?" शेवळाला पहिल्या पावसाचीच घाई, आणि काकडाची फळे टाकल्याशिवाय शिजवले तर घशाला खाज सुटते, हेही तिनेच सांगितले.

पाण्याचा विषय निघाला तेव्हा काही जण चुळबुळले. तानसा धरण १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, नंतर भातसा, मग २०१४ चे मध्य वैतरणा. सगळ्यांचे पाणी मुंबईला. वाशिंदजवळून वाहणारे भातसाचे पाणी पुढे पिसे येथे अडवून महानगराला उचलले जाते, आणि उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. "सोहळ्यात हे कशाला?" असे एक जण म्हणाले. त्यावर एका बाईने विचारले, "मग झाडं लावून त्यांना पाणी कुठलं घालणार?" पाण्याचा फलक लावायचा, हे बहुमताने ठरले. आमच्या मते ठीक ठरले.

परतीच्या गाडीत आम्हाला आमच्याच गावचा गेल्या माघातला कार्यक्रम आठवला. जुन्या वडाचे पूजन, मंदिराच्या दीपमाळेची डागडुजी, शंभर रोपे, भाषणे. वेळ सकाळी दहाची. गावाच्या कडेला पाटोदा आणि पाथर्डीकडच्या टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या. वाशिंदला भट्टीवरची माणसे तेव्हा गावात नसतात. आपल्याकडे ऊसतोडीची माणसे होती, पण पहाटेपासून फडात. त्यांना कुणी कळवलेच नव्हते. जेवणाचा जिन्नस उरला तेव्हा कोप्यांवर पाठवला, आणि त्यातही आम्हाला मोठेपणा वाटला. ते पाठवणाऱ्यांत आम्हीही होतो. उचल घेऊन आलेली ती माणसे वर्षाचे पाच-सहा महिने आपल्या शिवारात राहतात, त्यांची पोरे त्याच वडाच्या पारंब्यांना झोके घेतात.

पुढच्या कार्यक्रमासाठी गट कार्यालयात वही ठेवली आहे. वाशिंदहून आल्यावर आम्ही तिच्यात एवढेच लिहिले : साफसफाईसाठी गाळप बंद राहील तो दिवस शेती खात्याने अगोदर सांगावा, म्हणजे तोड नसेल, आणि मुकादमांना विचारल्याशिवाय तारीख छापू नये. टोळ्या दसऱ्यानंतर येतील. सभासदांनी आपली सूचना त्याआधी वहीत लिहावी.