कुंपण नसलेलं गाव

बांध कोरणारा शेजारी जगात सगळीकडे असतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचं एक लहानसं गाव आहे. या गावानं त्याचा बंदोबस्त शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे.

एके काळी मध्य इंग्लंडातली बरीच गावं अशी शेती करत. गावाभोवती दोन-तीन विस्तीर्ण शेतं, आत कुठंही कुंपण नाही. शेताच्या लांबट पट्ट्या पाडायच्या आणि प्रत्येक कुटुंबाला सगळ्या शेतांत थोड्या थोड्या द्यायच्या. त्यामुळं कसदार माती एकाला आणि पाणथळ दुसऱ्याला, असं होत नसे. तीन शेतं असली, की एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक आणि तिसरं पडीक, दरवर्षी फेरपालट.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटनं कायद्यामागून कायदे केले आणि उघड्या शेतांना कुंपणं पडली. उत्पन्न वाढलं, पण ज्याची एकुलती गाय गायरानावर चरत होती, तो गरीब उघडा पडला. लॅक्स्टनमध्ये मात्र हे काम अपुरं राहिलं. वेस्ट, साउथ आणि मिल ही तीन शेतं वाचली. मार्क पिअर्सनं १६३५ साली काढलेल्या नकाशात त्यांच्या पट्ट्या दिसतात, नांगर धरलेली माणसंही दिसतात. तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

नोव्हेंबरअखेरीस गावातलेच शेतकरी पंच म्हणून गव्हाच्या शेतात फिरतात. पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात. कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत किंवा सामाईक गवतावर नांगर घातला असेल, तर आठवड्याभरानं भरणाऱ्या गावसभेत, म्हणजे ‘कोर्ट लीट’मध्ये, त्याला दंड होतो. दंड किरकोळ, पण चारचौघांत नाव निघतं, ते झोंबतं. देशातल्या अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार १९७७च्या कायद्यानं काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद राखला गेला.

जमिनीची मालकी मात्र बदलत गेली. १९५२ साली ती अर्ल मॅन्व्हर्सकडून सरकारी कृषिखात्याकडे गेली, १९८१ साली ‘क्राउन इस्टेट’कडे आणि २०२० साली थोर्सबी इस्टेटकडे. प्रत्येक वेळी गावकऱ्यांपुढं प्रश्न एकच होता : नवा धनी ही रीत राखील का?

मी कवी माणूस, शेतीतलं मला बेताचंच कळतं. पण एवढं कळतं, की ही रीत नुसत्या नकाशानं टिकलेली नाही. वर्षातून एकदा थंडीत, चिखल तुडवत, शेजाऱ्यासोबत त्याची हद्द पाहायला माणसं निघतात, म्हणून ती टिकली आहे.