शाईने घडवलेला सूर

तबल्यावर थाप पडली की पुडीचं ताणलेलं कातडं थरथरू लागतं. ते वर आलं की लगतची हवा दाबली जाते, खाली गेलं की विरळ होते. दाब आणि विरळपणाची ही साखळी हवेतून पुढे धावते, हवेचे कण मात्र आपापल्या जागी झुलत राहतात. हाच ध्वनितरंग. २० अंश सेल्सिअस तापमानाला तो सेकंदात सुमारे ३४३ मीटर अंतर कापतो.

थाप जोरात दिली की कंपनांचा आयाम वाढतो आणि आवाज मोठा होतो. स्वराची उंची मात्र वारंवारतेवर ठरते. मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे सेकंदाला सुमारे २७७ कंपनं. ३४३ ला २७७ ने भागा, म्हणजे त्या तरंगाची लांबी मिळेल : जवळजवळ सव्वा मीटर.

मग तबला सुरात लागतो, पण ताशातून तसा सूर का निघत नाही? तंबोऱ्याची तार छेडली की मूळ कंपनासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची कंपनंही उठतात. या पटी पूर्णांकात असल्याने कानाला एकच भरीव स्वर ऐकू येतो. साध्या गोल कातड्यात त्या १.५९, २.१४, २.३० अशा आडमुठ्या असतात. त्यांचा मेळ बसत नाही.

तो मेळ बसवते शाई. लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचे थर पुडीच्या मधोमध चढवून दगडाने घोटतात. मूळ कंपनात कातड्याचा मध्यभाग सर्वांत जास्त हलतो, म्हणून शाईचं वजन त्यालाच जास्त मंदावतं. पुढच्या कंपनात मध्यातून जाणारी एक रेघ स्थिर राहते, दोन्ही बाजू आळीपाळीने वरखाली होतात. त्याला हे वजन तितकं जड जात नाही. त्यामुळे १.५९ ची पट वाढत २ जवळ पोहोचते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांचा अभ्यास केला आणि १९२० मध्ये त्यावर ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलं. पुढे त्यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून स्थिर रेघा प्रत्यक्ष दाखवल्या. मृदंग-तबल्याच्या पहिल्या नऊ प्रकारच्या कंपनांची मोट बांधली जाऊन पाचच सुसंवादी वारंवारता उरतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

‘ना’ वाजवताना वादकाची अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. तिथलं कातडं हलू शकत नाही, म्हणून मूळ कंपन दबतं आणि स्थिर रेघ बोटाखालून जाते. शाळेत तबला असेल, तर अनामिका टेकवून आणि उचलून दोन्ही आवाज ऐका. दोन्हींची उंची वेगळी का, याचं उत्तर आता तुम्हाला देता येईल.

हे गणित कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी कारागिरांनी ते कानाने सोडवलं होतं. थर द्यायचा, वाजवून ऐकायचं, पुन्हा घोटायचं : हाही प्रयोगच आहे, आणि तबला बनवणाऱ्यांचं हे ज्ञान विज्ञानाच्या वर्गात शिकवलं गेलं पाहिजे.