दोन फिके रंग: कार्डावर एक, खोलीत वेगळे

आज आपण घरातलाच एक प्रश्न घेऊ. शेड कार्डावर मोतिया आणि हस्तिदंती शेजारी शेजारी असतात. दुकानात बघितलं तर दोन्ही जवळपास सारखेच. आपण म्हणतो, ‘कुठलाही द्या.’ मग भिंतीवर दुसरा हात बसला, की खोली चक्क पिवळी वाटते! आणि मशीनवर तयार केलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. तेव्हा फरक आधीच ओळखायला हवा.

नावं कंपनीगणिक बदलतात. आपण असं धरू, की मोतिया किंचित करडा आणि हस्तिदंती किंचित पिवळा.

पिवळसर रंग प्रकाशातला थोडा निळा भाग शोषून घेतो. समजा, हस्तिदंती रंग तांबडा-पिवळा प्रकाश ९० टक्के परत पाठवतो आणि निळा ८० टक्के. कार्डावर ही वजाबाकी एकदाच होते. खोलीत मात्र प्रकाश या भिंतीवरून त्या भिंतीवर जात राहतो. तीन वेळा परतलेल्या प्रकाशात तांबडा-पिवळा सुमारे ७३ टक्के उरतो, निळा फक्त ५१! म्हणून कार्डावर जेमतेम जाणवणारी छटा खोलीत ठळक होते. करडा मोतिया सगळाच प्रकाश साधारण सारखा शोषतो. तो पिवळा होत नाही, थोडा मंद होतो.

खात्री करायची? रंगवलेला जाड कागद पुस्तकासारखा अर्धवट उघडा धरा. घडीच्या आत रंग गडद दिसतो. तीच आपली खोली.

दुसरी गोष्ट दिव्याची. २७०० केल्विनच्या पिवळट बल्बमध्ये निळा भाग मुळातच कमी असतो. जे नाहीच, ते शोषणार काय? त्यामुळे रात्री दोन्ही रंग एकसारखे दिसतात. दिवसाच्या उजेडात किंवा ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली फरक उघडा पडतो.

तेव्हा दोन मोठे पुठ्ठे घ्या, प्रत्येकाला दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मागे पांढरा कागद लावा, नाहीतर भिंतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. मग त्याच खोलीत सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. जिथे आपण जास्त वेळ बसतो, त्या वेळेचा कौल मोठा. आणि हस्तिदंतीच आवडला, तर कार्डावरून एक पायरी फिका घ्या. उरलेली पायरी खोली भरून काढते.